समोरचा रागावलेला असताना आपण शांत राहतो, ते नेमकं कसं?

आडवाट:

रागाला प्रेमानं उत्तर द्यावं, हे सगळेच सांगतात. संत सांगतात, घरातली वडीलधारी सांगतात, समुपदेशकही सांगतात. पण समोरचा माणूस आवाज चढवून बोलत असताना त्या घडीला करायचं काय, यावर फार कमी बोललं जातं. मग होतं असं, की प्रेमाच्या नावाखाली आपण गप्प बसतो आणि आतून मात्र धुमसत राहतो. या दोन गोष्टींतल्या फरकाबद्दल मला लिहायचं आहे. माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे.

आधी शरीराकडे बघू. कुणी अंगावर ओरडलं की मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोका ओळखतो, ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, जबडा आवळला जातो. तोलून मापून बोलण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि नेमका तोच अशा वेळी मागे पडतो. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक दशकं अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं नीट कानात शिरतच नाही, आणि शरीर खाली यायला साधारण २० मिनिटं तरी द्यावी लागतात. त्या अवस्थेत स्वतःला ‘प्रेम वाटू दे’ असं बजावून काही होत नाही. आधी श्वास. श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, की व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरू लागते. समोरचा बोलत असताना, त्याला कळूही न देता हे करता येतं.

आता गप्प बसण्याबद्दल. भावना चेहऱ्यावर दिसू न देणं म्हणजे शांत होणं नव्हे, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की भावना लपवणाऱ्याचा चेहरा स्थिर दिसला तरी शरीरातला ताण उलट वाढतो. पुढे २००३ मध्ये ग्रॉस यांच्याच गटाने अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवून तिच्याबद्दल बोलायला सांगितलं. जोडीतल्या एकीला भावना लपवायची सूचना होती, दुसरीला त्याची कल्पना नव्हती. तरी त्या दुसरीचाही रक्तदाब वाढला. हे वाचल्यापासून ‘मी तर शांतच होतो, तीच चिडत गेली’ या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला. दाबून ठेवलेलं समोरच्याला जाणवतं. त्याला नाव देता येत नाही, पण जाणवतं.

मग मोकळं करून टाकावं का? उशीवर बुक्के मारा, ओरडून घ्या, असा सल्ला अजूनही दिला जातो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर तो तपासला. चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर बुक्के मारणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले, आणि काहीच न करता नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा निवले. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही तेच आलं: शरीराची खळबळ कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, वाढवणाऱ्यांनी उतरत नाही.

म्हणजे गिळायचं नाही आणि ओकायचंही नाही. उरतं काय? मला सापडलेलं उत्तर असं: समोरच्याचा राग ही माझ्याबद्दलची बातमी नसून त्याच्याबद्दलची आहे, एवढं धरून तिथे थांबणं. बुद्धांची आणि त्यांना शिव्या द्यायला आलेल्या भारद्वाजाची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. बुद्धांनी त्याला विचारलं: पाहुण्यांनी वाढलेलं खाल्लं नाही तर ते कुणाचं? ज्याचं होतं त्याचंच. तशा तुझ्या शिव्या मी घेतलेल्या नाहीत, त्या तुझ्याकडेच राहिल्या. गोष्ट सहसा इथे संपवतात, आणि ती हजरजबाबीपणाची वाटते. पण पाली सूत्रात दोन गोष्टी आणखी आहेत. एक, तो माणूस उगाच आलेला नाही. त्याच्या गोत्रातला एकजण बुद्धांकडे जाऊन भिक्षू झालाय. आपलं माणूस गेल्याचं दुःख त्या शिव्यांच्या तळाशी आहे. दोन, समोरचा रागावलाय हे ओळखून जो जागेपणानं शांत होतो तो दोघांचंही हित करतो, असं बुद्ध पुढे म्हणतात. स्वतःचं आणि त्याचंही. हे ‘दोघांचंही’ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी शांत राहून जिंकले आणि तो हरला, अशी ती शांती नाही.

असहमती असेल तर जरूर लिहा, त्यासाठीच धागा काढलाय.

पारवा:

छान लिहिलंय. मी तक्रारी ऐकण्याच्या फोनवर काम करतो, म्हणजे रागावलेली माणसं हाच माझा दिवस. पुस्तकी नाही, वापरातलं लिहितो.

‘शांत व्हा’ हे शब्द आम्ही कधीच वापरत नाही. ते ऐकून शांत झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याला ऐकू येतं ते असं, की तुमची तक्रार बाजूला ठेवा, आधी तुमचं वागणं सुधारा. त्याऐवजी त्याचंच म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगायचं. ‘तिसऱ्यांदा फोन करताय आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतंय, बरोबर?’ पलीकडून ‘हो’ आलं की आवाज उतरायला लागतो. इथे मी काही कबूल केलेलं नसतं, कंपनीची चूक आहे की नाही हेही ठरलेलं नसतं. फक्त ऐकलं गेलं, हे त्याला कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट कुणी शिकवत नाही. समोरचा तारस्वरात असताना आपण एकदम गुळगुळीत, थंड आवाजात बोललो तर त्याला वाटतं हा मला वेड्यात काढतोय. म्हणून सुरुवातीला आवाजात थोडी निकड ठेवायची, की हो, हे गंभीर आहे, मलाही कळतंय. मग दोन-तीन वाक्यांत हळूहळू खाली यायचं. तोही सोबत येतो. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

निरंतर:

लेख आवडला, तरी मोठी असहमती आहे आणि ती मनापासून लिहितोय.

शांतीचा सल्ला नेहमी कुणाला दिला जातो ते बघा. सुनेला, धाकट्याला, हाताखालच्याला. ज्याचं काही बिघडलेलं नाही त्याला शांत राहणं सोपंच असतं. ज्याच्यावर अन्याय झालाय तो चिडून बोलतो, आणि मग चर्चा अन्यायावर न होता त्याच्या स्वरावर होते. अशा वेळी समोरच्याची शांती मला प्रेमाची वाटत नाही, दार लावून घेतल्यासारखी वाटते.

या संदर्भात मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आठवतात. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून त्यांना आळवलं, अशी परंपरेतली कथा आहे. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, असं ती त्यांना सांगते. हे आपण सगळे कौतुकाने सांगतो. पण सांगणारी कोण आहे? ज्या घराला वाळीत टाकलं त्याच घरातली ती मुलगी आहे. जो अपमान भावाने सोसला तोच तिनेही सोसलाय. म्हणून तिच्या तोंडी ते शोभतं, आणि म्हणूनच ते आत पोचतं. वाळीत टाकणाऱ्यांपैकी कुणी दाराशी येऊन ‘संताने पाणी व्हावं बरं का’ म्हणाला असता तर? शांतीचा उपदेश करायचा अधिकार प्रत्येकाला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आडवाट:

निरंतर, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मुक्ताबाईंबद्दलचं तुमचं निरीक्षण पूर्ण मान्य, आणि त्याने माझा मुद्दा अधिक नेमका झाला.

मी लिहितेय ते स्वतःच्या शांतीबद्दल. दुसऱ्याला शांत करण्याबद्दल नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की शांती हे हत्यार होतं. रागावलेल्या माणसाच्या रागात बहुतेक वेळा काहीतरी खरं असतं. कधी सगळंच खरं असतं. माझ्या आत खळबळ असेल तर मला ते खरं ऐकू येत नाही, मी फक्त बचावाची वाक्यं जुळवत बसते. मी निवांत असेन तर ऐकू येतं. एवढ्यासाठीच ती शांती हवी. ऐकून झाल्यावर जर माझं काहीच बदललं नाही, तर ती शांती नव्हतीच, बहिरेपणा होता.

उंबरा:

इथे एक गोष्ट ठळकपणे लिहायला हवी म्हणून लिहितेय. राग आणि मारहाण या वेगळ्या गोष्टी आहेत. हात उगारणारा, वस्तू फेकणारा, वाट अडवणारा, धाकात ठेवणारा माणूस समोर असेल तर त्याच्या रागाच्या तळाशी काय दुःख आहे हे शोधणं आपलं काम नाही. तिथून निघणं, सुरक्षित ठिकाणी पोचणं, विश्वासातल्या माणसाला आणि गरज असेल तर पोलिसांना सांगणं हे काम आहे. ‘मी आणखी प्रेमाने वागले तर तो बदलेल’ या आशेवर बायका वर्षानुवर्षं राहतात. मी अशा स्त्रियांसोबत काम करते. त्यांच्यापैकी कुणाचंही प्रेम कमी पडलेलं नव्हतं.

क्षमा करायची की नाही हे पुढचं. ती दुरूनही करता येते, आणि न करण्याचाही हक्क आहे.

आडवाट:

उंबराताई, धन्यवाद. हे मूळ लेखातच यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. लेखात वर जोडते.

वाटसरू:

निरंतर आणि उंबरा या दोघांच्या मुद्द्यांना जोडून एक प्रसंग सांगतो. ३० जानेवारी १९५६, अमेरिकेतलं माँटगोमेरी. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार सुरू होऊन दोन महिने होत आले होते. मार्टिन ल्यूथर किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बॉम्ब फेकला गेला. आत पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी होती. दोघी वाचल्या. किंग घरी पोचले तर दाराबाहेर संतापलेला जमाव, काहींच्या हातात शस्त्रं. घराच्या ओसरीवर उभं राहून त्यांनी लोकांना शस्त्रं घेऊन परत जायला सांगितलं, शत्रूवरही प्रेम करायचं म्हणाले. लोक परतले. त्या वेळी ते २७ वर्षांचे होते.

आता पुढचं बघा. बहिष्कार थांबला नाही. एक दिवसही नाही. एकूण ३८१ दिवस लोक पायी चालले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर १९५६ मध्ये बसमधला भेदभाव संपला. निरंतर म्हणतात ती कसोटी इथे लागू होते: बॉम्ब ज्याच्या घरावर पडला तोच शांतीबद्दल बोलत होता. आणि त्या प्रेमाने मागणीतलं एक अक्षरही कमी केलं नाही. प्रेम म्हणजे माघार असं ज्यांना वाटतं त्यांनी या ३८१ दिवसांचा विचार करावा.

निरंतर:

वाटसरू, हे उदाहरण पटलं. मागणी न सोडता द्वेष सोडणं, याला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो मागणी सोडायला लावणाऱ्या गोडव्याला.

निळाई:

माझा मुद्दा थोडा बाजूचा आहे. बाबांना पक्षाघाताचा झटका आल्यानंतर ते फार चिडचिडे झाले. आयुष्यभर मोठ्याने न बोललेला माणूस औषधाचा पेला भिरकावू लागला. आम्ही सगळे दुखावलो. ‘आम्ही एवढं करतो तरी’ हे प्रत्येकाच्या मनात. मग डॉक्टरांनी बसवून समजावलं, की मेंदूला झालेल्या इजेमुळे भावनांना आवर घालणारी यंत्रणाच दुबळी झालीय, शिवाय शब्द मनात असून तोंडात येत नाहीत त्याची घुसमट वेगळी.

त्या दिवशी बाबांचा राग तसाच होता, पण आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं वजन कमी झालं. आम्ही प्रश्न विचारायची पद्धत बदलली. ‘काय हवंय?’ ऐवजी दोन वस्तू समोर धरायच्या, ते बोट दाखवतात. निम्मी चिडचिड तिथेच गेली.

तेव्हापासून घरात कुणी, विशेषतः वयस्कर माणूस, अचानक रागीट झालं असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते: नीट ऐकू येतंय का? कुठे दुखतंय का? झोप होतेय का? नवीन औषध सुरू झालंय का? स्मृतिभ्रंशाची सुरुवातही कधी कधी स्वभाव बदलण्यातून दिसते. प्रेमाचं पाऊल अशा वेळी डॉक्टरांकडे नेण्याचं असतं.

पारवा:

निळाई, ‘राग तसाच होता, वजन कमी झालं’ हे फार खरं आहे.

मृगजळ:

लहान मुलांबद्दल थोडक्यात. चार वर्षांचं मूल जमिनीवर लोळण घेत असतं तेव्हा त्याला समजावून उपयोग नाही, कारण आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण विकसित व्हायला विशीचा मध्य उजाडतो. त्याच्याजवळ खाली बसायचं, कमी बोलायचं. आपला संथ श्वास त्याला उसना मिळतो. ‘खेळ संपला म्हणून राग आलाय’ असं त्याच्यासाठी आपण म्हणायचं. भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची सक्रियता कमी होते, असं मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात मोठ्या माणसांबाबत दिसलं होतं. मुलांबाबत मी माझ्या वर्गातल्या अनुभवावरून सांगतेय.

अनाहत:

सगळे प्रतिसाद वाचले. एक कमी वाटली. सगळेजण रागाच्या क्षणाबद्दल लिहितायत. त्या क्षणी काही सुचतं ते आधी केलेल्या सरावामुळे. मी मैत्री भावनेचा, म्हणजे मनात सदिच्छा जागवण्याच्या बौद्ध ध्यानाचा, सराव करतो. पाचव्या शतकातले बौद्ध भाष्यकार बुद्धघोष याबाबत फार व्यवहारी आहेत. ते सांगतात, सुरुवात वैऱ्यापासून करू नका. आधी स्वतःबद्दल सदिच्छा, मग आदराचं वाटणारं कुणी, मग जवळचा स्नेही, मग ज्याच्याबद्दल बरं-वाईट काहीच वाटत नाही असा माणूस, आणि शेवटी तो, ज्याचं नाव काढताच पोटात कळ येते. बरेचजण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, जमत नाही, आणि हे आपल्यासाठी नाही म्हणून सोडून देतात.

आणि तरीही त्या माणसाबद्दलचा राग हटत नसेल तर? त्यासाठी ते एकामागून एक उपाय देतात. त्याच्यातली एखादी चांगली गोष्ट आठव, रागाने तुझंच काय होतंय ते बघ, वगैरे. सगळं थकलं की अखेरचा उपाय साधा आहे: आपली एखादी वस्तू त्याला द्या, त्याची आपण घ्या. मनाने होत नाही ते हाताने करा. मला हे विलक्षण वाटतं, कारण इथे आधी प्रेम वाटायची अट नाही.

कातरवेळ:

बरेच दिवस नुसती वाचते आहे, पहिल्यांदाच लिहिते. आई अंथरुणाला खिळून आहे, धाकटा भाऊ तिच्याजवळ असतो. मी दूर असते. फोन केला की तो माझ्यावर चिडतो. ‘तुला काय, फोन केला की झालं’ हे ठरलेलं वाक्य. मी काही बोलत नाही, ऐकून घेते, फोन ठेवल्यावर रडते. आता फोन करायचीच भीती वाटते. यात प्रेमाने म्हणजे काय करू? मी त्याच्यावर कधी उलटून बोललेले नाही.

निळाई:

ताई, तुमच्या भावाच्या जागी मी आहे म्हणून सांगते. आजाऱ्याजवळ राहणाऱ्याला दिवसभर कुणी दिसत नाही. जे दिसतं, ज्याच्यावर हक्क वाटतो, त्याच्यावर राग निघतो. ‘तुला काय’ याचा अर्थ बहुतेक ‘मी दमलोय’ असा आहे. मला माझी बहीण गप्प ऐकून घ्यायची तेव्हा उलट जास्त राग यायचा. वाटायचं, हिला काही लागतच नाही.

आडवाट:

कातरवेळ, वर लिहिलेला तो रक्तदाबाचा प्रयोग इथे लागू पडतोय असं वाटतं. तुम्हाला खूप लागतंय, पण त्याच्यापर्यंत फक्त शांतता पोचते. तो पुन्हा तेच म्हणाला तर पारवा सांगतात तसं करून बघा: ‘रात्री तूच उठतोस, सकाळी तूच करतोस, आणि मी फक्त विचारते. दमला असशील.’ एवढंच. लगेच स्वतःची बाजू नको. तुमची बाजू खरी आहे आणि ती सांगायचीही आहे, पण त्या फोनवर नको.

पारवा:

आणि बोलताना आवाज भरून आला तर येऊ द्या. लपवू नका.

अनाहत:

मी वस्तू देण्याबद्दल लिहिलं होतं. भावाला या घडीला लागणारी वस्तू वेळ आहे. तुम्ही किती दिवस येऊ शकता?

कातरवेळ:

पुढच्या महिन्यात आठवडाभर रजा मिळेल. मी तसं त्याला म्हणणार होते, पण तो ‘आलीस काय नि गेलीस काय’ म्हणेल ही भीती.

निळाई:

म्हणेलही. पहिल्या वेळी मीही म्हणाले होते. तरी या. आणि फोनवर ‘येऊ का?’ विचारू नका, तोही एक निर्णय त्याच्याच डोक्यावर पडतो. तारखा ठरवा, तिकीट काढा आणि सांगा, की या दिवसांत आईचं सगळं मी बघेन, तू कुठेही जा. आधी औषधांची यादी आणि कूस कधी बदलायची त्याच्या वेळा त्याच्याकडून लिहून घ्या, म्हणजे तो गेल्यावर दर तासाला त्याला फोन करावा लागणार नाही. तो आठवडा खरोखर त्याचा झाला पाहिजे.

कातरवेळ:

वेळांचं डोक्यात आलंच नव्हतं. आज रात्री यादीसाठीच फोन करते.